भिंतीपलीकडचे दगड

चिठ्ठी शेवटच्या पानात खोचलेली होती, आणि मी ती वाचली तेव्हा कात्रीचं काम होऊन गेलं होतं. माझं हे असंच आहे. आधी कात्री, मग अक्कल. चिठ्ठी भिंगरीच्या आईची होती. ‘काकू, तिसऱ्या पानाची पट्टी उसवली आहे, तेवढी शिवून द्या. चौथ्या पानाच्या मागच्या गाठींना मात्र हात लावू नका, ती सगळ्यात जास्त तेच वाचते. चार वाजता न्यायला येतो.’ मी ती दोनदा वाचली, चष्मा काढून पदराला पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली, जसं काही चष्मा पुसल्यावर मजकूर बदलणार होता. समोर टेबलावर तपकिरी दोऱ्याच्या कापलेल्या गाठींचा एवढासा ढीग होता, चिमूटभर मिरी सांडावी तसा. चौथं पान पालथं पडलेलं होतं, आणि त्याची पाठ आता तळहातासारखी साफ होती. घड्याळात अजून अकरा वाजायचे होते.

आमची खोली मुलांच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आहे. खिडकीकडे माझं शिलाईचं मशीन, भिंतीला लागून कापड ठेवायचे खण, आणि दाराजवळ मास्तरांचं टेबल. मास्तर ब्रेलचं टंकलेखन करतात आणि प्रत्येक पुस्तक बोटांनी तपासून मगच बाहेर सोडतात. त्यांना लहानपणापासून दिसत नाही, त्यामुळे त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही हाताने वाचायची पुस्तकं करतो, कापडाची, सहा-आठ पानांची. काही खरखरीत, काही मऊ, काही थंड. मी नवीन होते तेव्हा मास्तरांनी मला एक उशीचा अभ्रा दिला होता. पान शिवून झालं की ते अभ्र्यात घालायचं, दोन्ही हात आत घालायचे आणि ओळखायचं. मी तेव्हा म्हटलं होतं, मी डोळे मिटून घेईन की, अभ्रा कशाला? त्यावर मास्तर शांतपणे म्हणाले होते की बाई, डोळे मिटलेल्या माणसाला पान माहीतच असतं, तो नुसतं आठवत असतो. मला जरा झोंबलं होतं. पण पहिल्याच दिवशी मी अभ्र्यात माझंच फुलपाखरू हाताला घेऊन ‘पंखा’ म्हणाले, आणि मग कधी वाद घातला नाही. बारा वर्षं झाली त्याला.

भिंगरी पाच वर्षांची आहे. खोलीत शिरली की दारातच एक गोल गिरकी घेते, भिंती किती लांब आहेत ते आवाजावरून बघते म्हणे, म्हणून भिंगरी. तिच्यासाठी म्हणून मी काही हे पुस्तक केलं नव्हतं, पण ते तिच्याकडे गेलं आणि आठ महिने परत आलंच नाही. ‘गोगलगाय घरी जाते’. त्यातली गोगलगाय सुटी आहे, दोरीची गुंडाळी करून केलेला शंख आणि खाली मऊ कापडाचं पोट, आणि ती एका लांब नाडीने पुस्तकाच्या पाठीला बांधलेली आहे. मुलांनी तिला हातात धरून पानापानावरून न्यायचं. पहिल्या पानावर गवत, दुसऱ्यावर पायरी, तिसऱ्यावर पाण्याची पट्टी, चौथ्यावर भिंत. भिंत मी गोणपाटाच्या विटांची केली होती. प्रत्येक वीट वेगळी शिवली, मुद्दाम, म्हणजे मधली फट बोटाला लागते. सत्तावीस विटा. सत्तावीस विटा म्हणजे मागे निदान सत्तावीस गाठी. आणि नियमाने त्या सगळ्या गाठींवर मऊ अस्तर यायला हवं होतं, कारण सुटे दोरे आणि गाठी पोरांच्या बोटांना फसवतात, तिथे काहीतरी लिहिलंय असं वाटतं. एवढं एकच पान माझ्या हातून अस्तराशिवाय गेलं. बारा वर्षांत एकच.

आज सकाळी पुस्तक उघडलं, पान उलटलं, आणि ती पाठ मला दिसली. माझे कान गरम झाले. मला शिवण ज्यांनी शिकवलं त्या मावशी फ्रॉक हातात घेतला की पहिल्यांदा उलटा करायच्या. सुलट बाजू त्यांनी माझ्या आठवणीत कधी बघितलीच नाही. सुलट काय, कुणीही करतं, असं म्हणायच्या आणि नखाने एकेक गाठ टोकरत जायच्या. एखादी गाठ टोचली की फ्रॉक परत अंगावर फेकायच्या, अगदी बोटं दुखून आली असली तरी. त्या गेल्यालाही किती वर्षं झाली. पण अजूनही माझ्या शिवणीची पाठ कुणाला दिसली की मला आतले कपडे दिसल्यासारखं होतं. आणि ही पाठ! एक गाठ इथे, दुसरी तिथे, काही दुहेरी, काहींची शेपटं लोंबतायत, एका कोपऱ्यात तर वाटाण्याएवढा गुंता, त्यावर परत टाके घालून दाबलेला. मास्तर दाराशी, माझ्याकडे पाठ करून बसले होते. त्यांना दिसणार नव्हतंच, पण त्यांचा हात लागला तर? मी घाईघाईने विटा पुढून पक्क्या केल्या, पान उलटं घेतलं, लहान कात्री काढली आणि सगळ्या गाठी मुळापासून कापल्या. मला वाटतं, शेवटच्या दोन-तीन कापताना माझ्या लक्षात आलं होतं की गाठींभोवतीचं कापड काळपट, तुकतुकीत झालंय, जिन्याच्या कठड्याला हात लागून लागून होतं तसं. समोरच्या विटा मात्र नव्यासारख्या होत्या. लक्षात आलं होतं, पण हात थांबला नाही.

मग चिठ्ठी.

आता ते पान अस्तराशिवाय का गेलं तेही सांगते. गेल्या वर्षी आमच्या ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. हे लिफ्ट दुरुस्त करायचे, आयुष्यभर दुसऱ्यांना वर-खाली नेलं आणि स्वतःच्या घराचा दुसरा मजला चढताना मध्येच बसले. पुढचे पाच दिवस मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर. आत एका वेळी एकाच माणसाला सोडायचे, तेही सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं. मधले तास करायचे काय? मी पिशवीतून भिंतीचं पान नेलं होतं. विटा कापलेल्याच होत्या. मी एकेक वीट लावत बसले. आत जायचं दार झुलतं होतं, दोन्हीकडे उघडणारं, आणि ते उघडलं की एक फुस्स आवाज व्हायचा. दार उघडलं की मी दोरा ओढायचे आणि गाठ मारायचे. वीट पुरी झालेली असो की नसो. का, ते मला सांगता येणार नाही. गाठ मारली की आत सगळं ठीक आहे, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. कधी भीतीने दोन-दोन मारल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं आणि नर्सने मोठ्याने विचारलं, यांच्याबरोबर कोण आहे? मी सुई-दोरा-पान सगळं घेऊन उभी राहिले. मांडीवरचा दोरा बाकाच्या खिळ्यात अडकला, मी ओढला, तो आणखी गुंतला. त्या दारापर्यंतची आठ पावलं मला आजही तोंडपाठ आहेत. आणि दारात नर्स काय म्हणाली, तर पेशंटला वाचायचा चष्मा हवाय, पेपरातलं शब्दकोडं सोडवायचंय म्हणतायत. मी चष्मा दिला. परत येऊन बाकावर बसले आणि तो गुंता सोडवायचं माझ्यात त्राणच उरलं नव्हतं. त्यावरच टाके घातले, दाबले, पुढची वीट घेतली. रडू आलं ते त्यानंतर, आणि शेजारच्या बाकावरच्या एका अनोळखी गृहस्थांनी मला पाण्याची बाटली दिली.

हे बरे होऊन घरी आले. मी कामावर आले तर मास्तर रजेवर होते आणि वाचनालयाला पुस्तक पाठवायचं होतं. त्या पानाची पाठ परत हातात घ्यायचं धाडस झालं नाही. बाकी सगळ्या पानांना अस्तर लावलं, हे तसंच बांधलं, तपासणीच्या कागदावर मास्तरांच्या जागी मीच बरोबरची खूण केली आणि विषय संपवला. संपला कसला. आठ महिने ते पान एका पोरीच्या बोटांखाली होतं आणि इतके दिवस मला वाटत होतं की ते पाच दिवस फक्त मला माहीत आहेत. काय वाचत होती ती? माझ्या भीतीत तिला वाचण्यासारखं काय सापडलं? मी साफ केलेल्या पाठीवरून हात फिरवला. कात्रीने कापलेली बारीक बारीक टोकं तेवढी लागली.

बारा वाजता ह्यांचा फोन आला. गाळणं सापडत नाही म्हणे. मी म्हटलं, खिळ्यावर. ते म्हणाले, खिळ्यावर नाही. मी म्हटलं, मग काल चहा करून तुम्ही कुठे ठेवलंत? बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला आणि मग एकदम आनंदाने ‘खिळ्यावरच आहे’ असं म्हणाले. निवृत्त झाल्यापासून दुपारचा चहा हे करतात, चहात साखर नव्हे, साखरेत चहा. मला त्यांचा भांड्यांचा आवाज ऐकत राहावंसं वाटतं. रोज वाटतं, रोज फोन मात्र मी वैतागल्यासारखा ठेवते. आज ठेवला नाही लगेच. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, एक काम बिघडवून ठेवलंय. ते म्हणाले, मग दुरुस्त कर, तेच तर येतं तुला. माणसाला किती सोपं वाटतं सगळं.

मी तोच तपकिरी दोरा शोधला, रीळ खणात तळाला होतं. तोच दोरा, तीच सुई. ढिगातल्या गाठी एकेक करून पानावर मांडून बघितल्या, कुठली कुठली होती काही कळेना. कापडावर जुनी भोकं होती, त्यांच्या आधाराने नव्या गाठी मारायला घेतल्या. अर्ध्या तासात नऊ झाल्या. पान अभ्र्यात घातलं, हात आत घातले. सुरेख. एकसारख्या, गोल, घट्ट, शिस्तीत उभ्या. मावशींनी डोळे झाकून पास केलं असतं. मी कपाळावर हात मारून घेतला. मुद्दाम वेडंवाकडं करायचं म्हटलं तर वेडेवाकडेपणासुद्धा नेटका व्हायला लागला. एक सैल, एक घट्ट, एक सैल, एक घट्ट. भीती असताना जे हात आपोआप करत होते ते आता पोट भरलेलं असताना, खिडकीतून ऊन येत असताना, घरी माणूस गाळणं शोधत असताना कुठून जमणार? बरं वाटत होतं मला, हीच अडचण होती. मी त्या नऊ गाठी उसवून टाकल्या.

शेवटी पान घेऊन मास्तरांपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी हात पुढे केला, पाठीवरून फिरवला, आणि विचारलं, अस्तर? मी सगळं सांगितलं. चिठ्ठी वाचून दाखवली. कागदावर मीच केलेली खूणही सांगितली. दवाखान्यातलं सांगायचं नव्हतं, पण ते त्यातच होतं, वेगळं काढता येईना. मास्तर रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ एका कापलेल्या गाठीच्या टोकावर अंगठा घासत बसले. मग म्हणाले की लहानपणी त्यांच्याकडे एक पुस्तक होतं, त्यातल्या कपाटाच्या पानाची मागची बाजू गुळगुळीत होती, आणि त्यांना कितीतरी वर्षं वाटायचं की कपाटामागे काहीच नसतं, नुसतं गुळगुळीत. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मी विचारलं, मग आता काय करू? ते म्हणाले, चार वाजता ती येईल तेव्हा तिला खरं सांगा, दुसरं काय करणार?

चार वाजेपर्यंत मी तिसऱ्या पानाची पट्टी शिवली. ते दहा मिनिटांचं काम होतं. उरलेला वेळ मी जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसले, आणि मध्येच लक्षात आलं की मी पुन्हा बाकावर बसल्यासारखी बसलेय, मांडीवर पान घेऊन, दाराकडे तोंड करून. फक्त या वेळी आत कुणाला काही झालेलं नव्हतं. एक पाच वर्षांची पोरगी रुसेल, एवढंच. पण ते एवढंच नव्हतं. तिचं आवडतं पान मी मोडलं होतं, आणि पुस्तकाला तिने परत हात लावला नाही तर ते माझ्या जिवाला लागणार होतं.

ती आली, दारात गिरकी घेतली, मास्तरांना त्यांच्या यंत्रावरून ओळखलं आणि मला नुसत्या वासावरून. आई मागून जिना चढत होती. भिंगरी येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसली आणि पुस्तक ओढून घेतलं. गवत, पायरी, पाणी भराभर झालं. पट्टी शिवलेली तिला कळली, तिने मान डोलावली. भिंतीवर गोगलगायीला तिने अक्षरशः दोन उड्यांत चढवलं. माझ्या सत्तावीस विटांची एवढीच किंमत. मग पान उलटलं आणि तळहात पसरून ठेवला, घरी आल्यावर गादीवर अंग टाकावं तसा. हात तिथेच राहिला. मग बोटं इकडे गेली, तिकडे गेली. मी म्हटलं, “मी कापलं, बाळा. चिठ्ठी न वाचताच कापलं. माझी चूक झाली.”

“सगळे दगड?”

“सगळे.”

आई दारातूनच म्हणाली की असू दे हो काकू, त्यात काय एवढं, आणि भिंगरीला म्हणाली की आजी दुसरं छान काहीतरी लावून देईल. भिंगरीने ऐकलंच नाही. तिने मला समजावून सांगितलं, मोठ्या माणसांना कळायला वेळ लागतो अशा सुरात, की गोगलगाय भिंतीवर चढते ते पलीकडे उतरायला. बाकीच्या पुस्तकांत पलीकडे काही नसतं. तिने सगळी पानं उलटून बघितली आहेत, दाराच्या पलीकडे नाही, डोंगराच्या पलीकडे नाही. फक्त इथे होतं. भिंतीच्या पलीकडे दगडांची जमीन होती आणि एक मोठा दगड होता. मी पंचवीस-तीस पुस्तकं केली आहेत, मुलांना जग दाखवते म्हणून घरी मिरवतेसुद्धा. त्या सगळ्या दारांच्या मागे मी मऊ अस्तर लावून ठेवलं होतं. तिने गोगलगाय सपाट कापडावर ठेवली, ती घसरून तिच्या मांडीवर पडली. तिने ती उचलली, थोडा वेळ हातात धरून बसली. मग तिने टेबलावर हात फिरवून माझा हात शोधला.

“सुई आण,” ती म्हणाली, “मी सांगते कुठे कुठे होते ते.”

तिला सगळं पाठ होतं. ती बोट ठेवायची, मी बोटाच्या अगदी कडेला सुई घालायचे. इथे लहान. इथे दोन चिकटलेले. इथे शेपटीवाला. मी दोरा ओढत होते आणि ती बोटाने लगेच तपासत होती. चौथ्या गाठीला तिने नाक मुरडलं आणि म्हणाली, “हा फार नीट झाला. बिघडव.” मास्तरांच्या बाजूने खुदकन आवाज आला. बारा वर्षांत त्यांना हसताना मी एकदोनदाच ऐकलंय. मला बिघडवता येईना, मग तिनेच दोरा चिमटीत धरला आणि मी गाठ मारत असताना ओढला. गाठ तिरकी बसली, शेपूट बाहेर राहिलं. छान, असं ती म्हणाली. मग तसंच चाललं. ऐन वेळी कुणीतरी दोरा ओढावा, एवढंच तर दवाखान्यात होत होतं. तेव्हा ते दार ओढायचं, आता ही ओढत होती. माझे हात तेच करायला लागले, पण भीती नव्हती. उलट मधूनच मला हसू येत होतं. आई खुर्ची घेऊन बसली, तिने पाच वाजता कुठेतरी जायचं होतं ते रद्द केल्याचा फोन केला.

शेवटची एकच राहिली. त्या गाठीसाठी तिने कोपऱ्यात बोट ठेवलं आणि आवाज जरा खाली आणला. हा मोठा, म्हणाली. इथे गोगलगाय खूप वेळ थांबते. मी विचारलं, का गं? “तिला भीती वाटते म्हणून. मग बरं वाटतं, मग जाते.” हे तुला कुणी सांगितलं, असं मी विचारलं तर ती म्हणाली, हात लावला की कळतं. मी सुईत लांब दोरा ओवला. डोळे भरून आले होते, सुईचं भोक दिसेना, तिसऱ्यांदा ओवला गेला. मग तो दोरा मी तिच्या दोन्ही हातांत दिला आणि म्हटलं, हवा तेवढा गुंतव. तिने मन लावून गुंतवला, बोटांभोवती, माझ्या अंगठ्याभोवती, आणि तो वाटाण्याएवढा झाल्यावर मी अंगठा हळूच काढून घेतला, त्यावर टाके घातले आणि दाबले.

मास्तर उठून आले, तपासणीचा कागद घेऊन. पाठीवरून त्यांनी एकदाच हात फिरवला, सावकाश, कोपऱ्यापर्यंत. मला म्हणाले, लिहा, चौथं पान, मागची बाजू, दगड, बरोबर. मी लिहिलं. अस्तराच्या रकान्यात काय लिहू, विचारलं, तर म्हणाले, नाही असं लिहा, नाहीच आहे ना. आणि परत जाऊन बसले.

भिंगरीने पहिल्यापासून वाचायला घेतलं. गवत, पायरी, पाणी, भिंत. पान उलटलं. गोगलगाय पहिल्या दगडावर उतरली, दुसऱ्यावर, चिकटलेल्या दोघांवर, शेपटीवाल्याला वळसा घालून पुढे. कोपऱ्यातल्या मोठ्या दगडावर येऊन ती थांबली. भिंगरीचा हात हलेना. मास्तरांचं यंत्र थांबलं होतं, आई हातातली पिशवी तशीच धरून होती. मी दाराकडे बघितलं, सवयीने, आणि मग परत त्या हाताकडे. बराच वेळ गेला. किती वेळ थांबते गं ही, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मला ठाऊक होतं किती वेळ लागतो ते.

मग तिचं बोट उचललं गेलं.

“निघाली,” भिंगरी म्हणाली, आणि पुढचं पान उलटलं.